गाडीतली मधली जागा

प्रिय अक्का,

काल दुपारी पारोळ्याच्या पुढे जे झालं, ते तुझ्या जावयाला, राहुलला सांगितलं तर त्याने मला वेड्यात काढलं. मग म्हटलं, जिला विचारायचं तिलाच विचारावं. आई असूनही सगळ्यांसारखं तुला अक्काच म्हणत आले, तसंच लिहिते.

बाळंतपण आटोपून तू मला धुळ्याहून जळगावला सोडायला निघालीस, तो दिवस आठवतो? आपल्यात लेकीचं पहिलं बाळ आजीने मांडीवर घेऊन सासरी पोचवायचं आणि तिथल्या आजीच्या ओटीत घालायचं. त्यासाठी तू ठेवणीतलं पातळ नेसली होतीस. आणि मी तीन महिन्यांच्या पिंटूला मागच्या सीटवर, त्याच्या त्या पट्ट्यांच्या खुर्चीत बांधून टाकलं.

तू मधे बसलीस, मी खिडकीशी. पिंटू रडायला लागला तशी तू म्हणालीस, "मनी मांडीवर दे ना त्याले. तुले मी कधी पाडी दिधं का?"

मी त्याला तुझ्या मांडीवर दिलं नाही. तू बकलचं लाल बटण दोन्ही अंगठ्यांनी दाबून पाहिलंस, पण ते तुला उघडेना. मग जळगावात पिंप्राळ्याला आमच्या घरी पोचेपर्यंत तू रिकाम्या मांडीवर हात ठेवून बसून राहिलीस.

पंधरा दिवसांत तू गेलीस. असं जातात का गं? धड भांडूही दिलं नाहीस!

तुला एकदा तरी त्याला मांडीवर घेऊन मिरवू द्यायला हवं होतं, असं आठ महिने मनाला लागून आहे. पण ते गाडीत नाही, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असल्या की माणसाने करायचं काय?

काल आम्ही धुळ्याहून त्याच रस्त्याने येत होतो. मधली जागा रिकामी. पिंटू शहरातून निघाल्यापासून त्या जागेकडे बघून हसत होता. लहान मुलं हसतातच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग तो हसायचा थांबला आणि कुणी बोलत असताना ऐकावं तसं ऐकत राहिला.

पारोळ्याला राहुल चहा आणायला उतरला. मी पिंटूच्या दाराशी, गाडीला पाठ टेकून उभी होते. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. वळून पाहिलं तर बकल उघडं, दोन्ही पट्टे खांद्यावरून खाली. त्याच्या पायांवरची तू शिवलेली गोधडी मधल्या जागेवर होती. चौपदरी, काठ आत घेऊन. तशी घडी आमच्या घरात कुणालाच जमत नाही, अक्का.

राहुल म्हणाला, तूच उघडलं असशील, विसरलीस. मी पट्टे पुन्हा लावायला लागले तर पिंटूने मधल्या जागेकडे दोन्ही हात पसरले आणि ऊर फुटेस्तोवर रडला. खरं सांगू? मी डगमगले. अंगठा बटणावर गेला होता. वाटलं, अक्का एवढं मागतेय तर घेऊ दे. मधे बसून मीच घेते मांडीवर, म्हणजे तिलाही मिळेल.

मग काय झालं कोण जाणे, मला रागच आला. पट्टे घट्ट ओढले, खांद्याशी चिमटीत सैल येत नाहीत ना ते पाहिलं आणि राहुलला म्हटलं, चल.

थोडं पुढे गेलो असू, शेतरस्त्यातून कापसाने भरलेला ट्रॅक्टर आडवा आला. राहुलने करकचून ब्रेक दाबला. माझा पट्टा छातीत रुतला. पिंटू खुर्चीत जागचा हलला नाही, रडायचा तेवढा थांबला. आणि गोधडी मधल्या जागेवरून उडून पुढच्या काचेवर आदळली.

अक्का, ती गोधडी म्हणजे तुझी मांडी होती का? तू त्याला मागत होतीस, की मला दाखवत होतीस? रात्रंदिवस माझ्यासाठी राबलेल्या बाईची मला काल पहिल्यांदा भीती वाटली. याचं फार वाईट वाटतंय.

तर हे वचन घे. घरात तू केव्हाही ये. तो कोपऱ्याकडे बघून हसला तर मी दृष्ट काढणार नाही, दिवा लावून बाजूला होईन. तुझ्याबद्दल सगळं सांगेन त्याला. पण गाडीत तो कुणाच्याही मांडीवर बसणार नाही, माझ्याही नाही. तू रडलीस तरी देणार नाही.

तुझीच हट्टी लेक,
वैशाली