डोंगरावरची वही

इंगुन,

तू उठायच्या आत मी डोंगरावर निघाले आहे. माशाच्या तेलाचा चमचा घेतलाय, बर्फावर घसरू नये म्हणून बुटांना खिळे लावलेत, तेव्हा मागून ओरडत येऊ नकोस. "आई, हिवाळाभर रोज चाल, नाहीतर गुडघे धरतील," म्हणून तूच माझ्या मागे लागली होतीस.

एक मात्र तुला सांगितलं नव्हतं. वर, जिथून खालची फियोर्डची खाडी दिसते, तिथल्या पेटीत वही असते ना, चढून येणारा प्रत्येक जण जिच्यात नाव लिहितो? सोमवारी माझ्या आधी कुणीतरी 'ओड्वार' लिहून गेलं होतं. म्हटलं, गावात दुसरा ओड्वार असेल. मंगळवारी पुन्हा तेच नाव, आणि अक्षर तुझ्या बाबांचं. शेवटच्या अक्षराला तीच लांब शेपटी. जिवंत होते तोवर त्यांनी एक दिवस चुकवला नाही, आणि आता जाऊन दोन महिने झाले तरी चुकवत नाहीत. ताज्या बर्फात पावलं मात्र एकट्या माझीच.

काल वर पोचले, तर वहीत आजची तारीख आधीच घातलेली. तिच्याखाली त्यांचं नाव, आणि त्याखाली त्यांच्याच अक्षरात माझं. नाव लिहिलंय म्हटल्यावर जायलाच हवं, नाहीतर वही खोटी पडेल. बाबांना ते कधीच चाललं नसतं.

कॉफी तुझी तू करून घे. थर्मास मी भरून नेलाय. संत्री दोनच उरली होती, दोन्ही घेतली आहेत.

आई