ह्यांचा उजवा पाय

मंगळवार, संध्याकाळ

अर्धांगाचा झटका आल्यापासून ह्यांचा उजवा पाय रोज मीच हलवते. स्नायूंनी काम केलं की त्यांतून रक्तात काहीबाही सुटतं, ते मेंदूला, हृदयाला, यकृताला बळ देतं, असं वाचलं होतं. आज व्यायाम शिकवायला येणारे भैया म्हणाले, "आंटीजी, ज़ोर तो अंकलजी को खुद लगाना पड़ेगा." माझ्या हलवण्यानं म्हणे सांधे तेवढे मोकळे राहतात. मग इतके महिने फायदा झाला कुणाला? माझ्याच दंडांना?

ते गेल्यावर रागारागानंच पाय हलवत बसले. ह्यांना दुखलं असावं. त्यांनी पाय झाडून माझा हात दूर लोटला. उजवा पाय! स्वतःच्या जोरानं!

उद्या पुन्हा दुखवायचं का ह्यांना? मायेनं धरला तेव्हा तर तो पाय कधीच हलला नाही.