थंड हॉलमधला ऑर्गन

१२ जानेवारी
आजपासून चिडचिड बंद. ल्युबेकच्या हॉलचा हा ऑर्गन म्हणजे माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम डिझाइन. उद्घाटनाला कासल शहराच्या नव्या हॉलची समिती येणार. त्यांच्या हॉलचं कामही मलाच. म्हणजे ठरल्यातच जमा.
ऑर्गनच्या हजारो नळ्या सुरात लावताना हीटिंगचे पंखे घरघरत होते. बंद करायला लावले. आता कशी छान शांतता!

१९ जानेवारी
माझी भागीदार गेझा स्वेटरवर स्वेटर चढवून नळ्या लावतेय. म्हणाली, फोल्कमार, हवा तापली की नळ्यांचा सूर चढतो, तुला मी सांगायला हवं का? मैफिलीला हीटिंग असणार, मग काय करशील? म्हटलं, थोडंफार चालतं गं. बाई फारच घाबरट.

३ फेब्रुवारी
ऑर्केस्ट्राबरोबर पहिली तालीम. हीटिंग चालू. सनईसारखा ओबो वाजवणारा म्हणाला, तुमचा ऑर्गन माझ्यापेक्षा चढा वाजतोय. उद्धट मेला! ओबो तपासून घे म्हटलं.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
ओबो ठीक आहे.

४ फेब्रुवारी
सगळ्या नळ्या पुन्हा लावायला तीन आठवडे. उद्घाटन परवा. पण घाबरायचं नाही. उपाय सापडला: मैफिलीलाही हीटिंग बंद!

५ फेब्रुवारी
हॉलच्या व्यवस्थापक आल्बर्स बाई म्हणाल्या, लोकांनी काय गोधड्या आणायच्या? मी म्हटलं, ओव्हरकोट पुरेत. शेवटी हो म्हणाल्या. गोड बोलणं मला जमतं.

६ फेब्रुवारी, दुपार
हॉल मस्त गार. कासलची मंडळी आली. अध्यक्षांनी मफलर काढला नाही. विचारात असतील.

६ फेब्रुवारी, मैफिलीनंतर
माणसांमुळेही हवा तापते, हे डोक्यातच आलं नाही. हजार माणसं, वर दिवे. मध्यंतरानंतर लोक कोट काढून वारा घेत होते. मग ऑर्गनची पाळी. पहिलाच स्वर चढा लागला आणि समोरच्या रांगेतल्या बाईंनी कान झाकले. कंडक्टरने हात वर करून ऑर्गन थांबवला. पुढचं सगळं ऑर्गनशिवाय. टाळ्या भरपूर. जमीन दुभंगावी असं वाटलं.

१४ फेब्रुवारी
कासलचा निर्णय: काम गेझाला. मला वाईट वाटलं. खूप वाटलं. तिचा फोन आला, तिथल्या ऑर्गनच्या लाकडी दर्शनी भागाचं डिझाइन तू करशील का, म्हणाली. विचार करून कळवतो असं ठणकावून सांगणार होतो.
तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणालो.