खलाशाच्या पाठीवर बसणार नाही

२ ऑगस्ट १९३४, गुरुवार
मुंबईहून लेकीचं, मालनचं पत्र. नातू दीड महिन्याचा झाला, आता हसतो म्हणे. आजोबांनी अजून पाहिलेला नाही. पावसाळ्यात बोटी बंद! सप्टेंबरात पहिली बोट लागली की आम्ही दोघं निघणार. ही, म्हणजे आमची गोदूबाई, विचारते, तुमचा गुडघा शिडी चढेल का? वा! एकतीस वर्षं मांडवी बंदरावर तिकीट क्लार्क होतो. बंदरावरून खोल पाण्यातल्या बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावातून बोटीच्या शिडीवर पाय कसा टाकावा हे अख्ख्या रत्नागिरीला मी शिकवलं. खलाशाच्या पाठीवर बसून चढणाऱ्या म्हाताऱ्यांना पोट धरून हसलोय. मी मेलो तरी बसणार नाही.

४ ऑगस्ट
डॉक्टर. गेल्या महिन्यात दोनदा पडलो हे हिनेच सांगितलं. चुगलखोर! दोन्ही वेळा दोष अंगणातल्या शेवाळाचा. डॉक्टर म्हणे, रोज दहा वेळा हात न टेकता खुर्चीतून उठा, भिंत धरून एका पायावर उभे राहा, पावलापुढे पाऊल लावून चाला, तोल सुधारेल. आणि बाहेर काठी घ्या. काल पास झालेलं पोर! भिंत धरायला मी काय पाल आहे?

६ ऑगस्ट, सकाळी ६
दहापैकी तीनदा उठलो. खुर्चीच बुटकी.
ही मात्र नेमाने करते. पाटावरून हात न टेकता उठते, तुळशीपाशी एका पायावर उभी राहते. बायकामाणसांना ठीक आहे.

१३ ऑगस्ट
आयडिया! जमीन हलत नाही, पडाव हलतो. मग जमिनीवर प्रॅक्टिस करून उपयोग काय? ओटीवरच्या झोपाळ्यावर उभं राहायचं. एकदम सायंटिफिक. डॉक्टरला सुचलं नाही.

१४ ऑगस्ट
उभा राहिलो. दोन्ही कड्या धरून. झोपाळा थांबलेला होता, पण सुरुवात झाली.

१९ ऑगस्ट
झोपाळा किंचित हलवला. शेजारच्या आनंदीबाईंनी कुंपणावरून विचारलं, तात्या, गणपतीत नाटकात काम धरलंत की काय?

२१ ऑगस्ट
पडलो नाही. उतरलो. जरा घाईने. कपाळाला हळद.
ही रडली. म्हणाली, मला एकटीला जायचं नाही हो, निदान खंडूच्या पाठीवर बसायला हो म्हणा. खंडू खलाशी! तीस वर्षं मला सलाम ठोकणारा! म्हटलं, विषय बंद.

३० ऑगस्ट
गुडघा सुजलाय. विश्रांती हाही व्यायामच. पडल्या पडल्या मनात रोज शिडी चढतो. एकदाही चुकलो नाही.

८ सप्टेंबर, शनिवार
उद्या बोट. नातवाला दुपटी, चांदीचे वाळे, मालनला आंबापोळी. काठी खुंटीला. बघाच आता.

९ सप्टेंबर, रविवार, संध्याकाळी
पडाव बोटीला लागला. ही पुढे होती. लाटेबरोबर पडाव वर आला, तशी हिने दोर धरला, एक पाय, दुसरा पाय, वर. कोणी हात दिला नाही. खलाशी वा वा म्हणाले.
मग मी. पाय उचलायचा होता. पडाव हल्ली फारच हलवतात. मागचे पॅसिंजर ओरडायला लागले. खंडू पाठ वाकवून म्हणाला, तात्यानू, बसा पटकन, कोण बघतंय? मी गरजलो, हात लावशील तर खबरदार! वरून ही हाका मारत होती, अहो बसा हो, बाळ वाट बघतंय. पुन्हा पाय उचलायचा होता. मग माझ्या शेजारून बाकीचे सगळे चढले, एक बाळंतीणसुद्धा.
शिट्टी झाली. ही खाली यायला निघाली. मी हातानेच नको म्हटलं आणि दुपट्यांचं गाठोडं तिच्याकडे फेकलं. तिने झेललं. बोट गेली.
पडाव मला घेऊन परत फिरला. मांडवीला ओहोटी होती, गुडघाभर पाणी. खंडूने विचारलं नाही. मला पाठीवर घेतलं आणि वाळूत आणून ठेवलं.