सुमनचा पट्टा

८ सप्टेंबर, सोमवार

सर्व नॉर्मल.

लिहिलं आणि खोडलं. हिंगण्याच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो तेव्हा पाळी संपली की लॉगबुकात हे दोन शब्द टाकून मोकळा व्हायचो. मागे मशीन धूर का ओकत असेना. घरच्या वहीत तरी खरं लिहावं.

सुमन आज तीनदा घरातून निघून गेली. दोनदा लिफ्टपाशी सापडली, एकदा गेटबाहेर रस्त्यावर. "इंदोऱ्याले जाऊन राहिली, घरी," म्हणे. इंदोऱ्याच्या वस्तीतली आमची जुनी खोली सोडून चार वर्षं झाली. मी म्हटलं, हेच घर आहे वं आपलं. तर म्हणाली, "हे कोणाचं तरी आहे जी. किती दिवस राहाचं लोकाच्या घरी?"

तिन्ही वेळा पुण्याहून प्रशांतचा फोन. दार उघडलं की त्याच्या मोबाइलवर घंटी वाजते. हुडकेश्वरचा हा फ्लॅट त्याने घेऊन दिला, मशीनंही त्यानेच बसवली. दाराला सेन्सर, हॉलमध्ये बोलणारा डबा, आईच्या मनगटाला पट्टा. पट्टा सगळं सांगतो, कुठे आहे, झोपली का, ठोके किती. मागच्या बाजूला माझा फोन नंबर कोरलेला. पोराचा आईवर जीव आहे, त्यात खोट नाही.

पण शेवटी बोललाच. "बाबा, तुमच्यानं नाही होत आता. इथं पुण्यात चांगली संस्था आहे, आईले तिथं ठेवू. तुम्ही माह्याजवळ राहा." दसऱ्यापर्यंत पाहतो म्हणाला.

बेचाळीस वर्षं झाली लग्नाला. संस्थेत ठेवायचं म्हणजे काय, ती काय जुना कूलर आहे?

११ सप्टें.

गेटवर रामटेके चौकीदार होता तेव्हा काळजी नव्हती. ही निघाली की तो खुर्ची सरकवायचा. "काकू, बसा, चहा येऊन राहिला." चहा कधी यायचा नाही, मी यायचो. सोसायटीने त्याला काढलं आणि कॅमेरा बसवला. चेहरा पाहतो आणि गेट उघडतो.

आज सेक्रेटरीकडे गेलो. म्हटलं, माझ्या बायकोसाठी गेट उघडू नका. तो म्हणाला, "काका, रहिवाशाले आत कोंडता येत नाही, आगीचा नियम आहे." बरोबर आहे त्याचं. कॅमेऱ्याला ती सुमन मेश्राम, सातवा मजला, हे माहीत आहे. तिलाच ते अर्धा दिवस आठवत नाही.

१४ सप्टें., रवि.

डबा आठला म्हणाला, "सुमनताई, गोळीची वेळ झाली आहे." सु.ने त्याच्यासमोर चहाचा कप ठेवला. "घे वं बाई, सकाळपासून बोलून राहिली. कोण्या गावची तू?" डबा म्हणाला, मला समजलं नाही. सु. म्हणे, "गरीब आहे बिचारी." खूप दिवसांनी पोट धरून हसलो. तीपण हसली, मी हसलो म्हणून.

१७ सप्टें.

पट्ट्याखाली सु.ची कातडी सोलली आहे. उजव्या मनगटाच्या वर लहानपणी गोंदलेलं 'सुमन' आहे, ते लालभडक झालंय. खाजवते, पट्टा ओरबाडते, रडते. काढला, खोबरेल लावलं. पाच मिनिटांत डबा बोंबलायला लागला, पट्टा काढलेला आहे, पट्टा काढलेला आहे. मागोमाग प्र.चा फोन येणार.

मी तो माझ्या मनगटाला बांधला. डबा गप्प.

दोन दिवस, जखम सुकेपर्यंत.

२१ सप्टें., रवि.

प्र.चा फोन. आवाज किती मोकळा! "बाबा, आई लय शांत झाली हो. रात्री सहा तास झोपून राहिली. चालणं पण बराबर. गोळी लागू पडली वाटते." मी म्हटलं, हो. "असंच राहिलं तर संस्थेचं पुढच्या वर्षी पाहू."

फोन ठेवला आणि उमगलं. सहा तास झोपतो तो मी. संध्याकाळी गच्चीवर फिरतो तोही मीच.

जखम सुकली आहे. पट्टा काढला नाही.

२३ सप्टें.

दाराचं राहिलं होतं. सु. दिवसातून पंधरा वेळा दार उघडते, नुसतं बाहेर डोकावते, बंद करते. तेवढ्यानेही तिकडे घंटी. आज सेन्सरला एक चुंबक चिकटवला. दार उघडं असो की बंद, त्याला बंदच वाटतं.

कारखान्यात याला जंपर मारणं म्हणायचे. सेफ्टीचा स्विच सारखा ट्रिप झाला की वायर टाकून त्याला झोपवायचा, प्रॉडक्शन चालू. सगळेच करत. मी मारलेल्या एका जंपरने प्रेसवर नामदेवची दोन बोटं गेली. लॉगबुकात त्या दिवशीही सर्व नॉर्मल लिहिलं होतं, सुपरवायझरने उभं राहून लिहवून घेतलं.

आज नामदेव कशाला आठवला कोण जाणे. मी तर चोवीस तास घरात आहे. सेन्सरपेक्षा माझे डोळे बरे.

२६ सप्टें., शुक्र.

प्र. घाबराघुबरा. ॲप सांगतंय, सुमनताईंचे ठोके अनियमित आहेत. त्याने पुण्यात बसून रामदासपेठेतल्या दवाखान्यात आजचाच नंबर लावला. जावं लागलं. जाताना पट्टा परत तिला बांधला, तिने ऑटोत दोनदा दातांनी ओढला. डॉक्टरने ईसीजी काढून कागद पाहिला. "काकूंचं हृदय ठणठणीत आहे. कधीकधी मशीन चुकते."

मशीन चुकली नाही. मला जिना चढताना दम लागतो तो उन्हामुळे नाही, एवढं आज कळलं.

डॉक्टरसमोर बसलो होतो, तोंड उघडायचं होतं. पण मी आजारी निघालो तर तिचं संस्थेचं आजच ठरणार. गप्प बसलो. घरी येऊन पट्टा पुन्हा माझ्या हातात. भीती वाटते. स्वतःची कमी, तिचीच जास्त. मी पडलो तर ती मला उठवेल की अनोळखी माणूस म्हणून बाहेर निघून जाईल?

१ ऑक्टो., बुध.

सु. सकाळपासून उत्साहात. रस्त्यावरून पांढऱ्या कपड्यातले लोक पायी जाताना गॅलरीतून दिसले तेव्हापासून. "स्टॉल लागला असंल जी. पाण्यावर कोण आहे?"

इंदोऱ्याला होतो तोवर दर दसऱ्याला वस्तीचा स्टॉल असायचा, दीक्षाभूमीच्या रस्त्यावर. खेड्यापाड्यातून येणाऱ्यांना पुरीभाजी आणि पाणी. पुऱ्या बाकीच्या बाया लाटायच्या, पाणी हिच्याकडे. स्टीलचा जग घेऊन सकाळपासून उभी. प्र. पोटात होता त्या वर्षीही उभी होती.

आज माळ्यावरचा जग काढून घासत बसली. नाव विसरते, पोराचं तोंड विसरते, हे बरोबर आठवतं. म्हटलं, उद्या मीच नेतो तुला, आठला निघू. "पक्कं?" म्हणाली. पक्कं म्हटलं.

२ ऑक्टो., दसरा

सु. नाही.

३ ऑक्टो., शुक्र.

लिहितो. नाही तर डोकं फुटेल.

काल सकाळी सहाला आंघोळीला गेलो. दहा मिनिटं. बाहेर आलो तर पलंग रिकामा, दार नुसतं लोटलेलं. डबा गप्प. त्याच्या लेखी दार बंदच होतं. गेटच्या कॅमेऱ्यात दिसली, पांढरं लुगडं, हातात जग. गेट तिच्यासाठी उघडलं आणि ती गेली. ६.०८.

ऑटो करून दीक्षाभूमीकडे. ऑटोवाल्याने बरंच अलीकडे सोडलं, पुढे रस्ते बंद. माणसांचा पूर. आमच्या जुन्या स्टॉलच्या जागी गेलो, तिथे दुसऱ्याच वस्तीचे लोक. पाण्याचे सगळे स्टॉल पालथे घातले. नऊ वाजले. मग प्र.ला फोन केला. म्हटलं, तुझी आई हरवली.

"हरवली कुठं बाबा? दिसून राहिली ना! दीक्षाभूमीच्याच रस्त्यावर आहे. चालून राहिली."

माझा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी आलं.

"थांबली आता. तुम्ही कुठं आहा?"

"पाण्याच्या टँकरजवळ."

"मंग तिथंच आहे ती! तुमच्या बाजूलेच उभी आहे. मांगं पाहा, मांगं."

मी मागे पाहिलं. सगळी पांढरी लुगडी. सुमन, सुमन म्हणून ओरडलो. दोघीतिघींनी वळून पाहिलं, त्यांची नावं तीच असतील.

"डावीकडं निघाली, बाबा. ठोके लय वाढले तिचे, घाबरली असंल. लवकर पकडा तिले!"

मी डावीकडे पळतच होतो. फोन या कानाचा त्या कानाला केला तेव्हा शर्टाची बाही वर सरकली. पट्ट्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. इतके दिवस बांधलेला, विसरूनच गेलो होतो. आणि पोराच्या बोलण्यावर खरंच विश्वास बसला होता, ती इथेच आहे, हात लांब केला की लागेल.

"प्रशांत, ते मी आहो."

"काय?"

"पट्टा माह्या हातात आहे."

तो एवढंच म्हणाला, "कवापासून?"

मी सांगितलं.

४ ऑक्टो., शनि.

प्र. परवा रात्रीच विमानाने आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. जेवलात का विचारतो. ठाण्यात तक्रार लिहिली. ओळखीची खूण? उजव्या हातावर गोंदण, सुमन. हवालदाराने विचारलं, "बाईजवळ काही नंबर-पत्ता?" प्र.ने माझ्याकडे पाहिलं नाही. मीच सांगितलं, नाही.

नंबर कोरलेला पट्टा मी घालून बसलो होतो. तो कोरीव नंबर मनगटाला टोचतो.

नामदेवच्या वेळी निदान सुपरवायझर होता. इथे मला कोणी सांगितलं नव्हतं.

५ ऑक्टो., रवि.

एक धागा. वर्धा रोडकडच्या स्टॉलवरच्या बाईने फोटो ओळखला. आता त्यांचं सामान आवरणं सुरू होतं. "आजी? होती ना! दिवसभर आमच्या इथं पाणी वाटलं. आम्हाले वाटलं कोणाची तरी असंल. लय लोकं पाया पडले तिच्या." संध्याकाळी यवतमाळकडच्या बायांच्या घोळक्यासोबत टेम्पोत बसली. त्यांनाही वाटलं असणार, आपल्यातल्याच कोणाची तरी आहे.

दिवसभर पाणी वाटलं. मी सकाळी तीनदा त्या रस्त्याने गेलो होतो. ती पलीकडच्या बाजूला असेल.

मी आठला निघू म्हटलं होतं. सहाला का नाही म्हटलं?

७ ऑक्टो.

प्र. सकाळपासून फोनवर. सरपंच, आशा सेविका, बौद्ध विहारं, ज्याचा नंबर मिळेल तो. त्याच्या आवाजातला साहेबीपणा गेला, अगदी इंदोऱ्याचा पोरगा झाला. दुपारी एकदम म्हणाला, "बाबा, आईचं हृदय ठणठणीत होतं ना? मंग ते ठोके कोणाचे होते?"

मी वरण वाढत होतो. ताटाबाहेर सांडलं.

"आई सापडली की तुम्हाले दाखवाचं," म्हणाला. पट्टा काढायला लागलो तर त्याने हात धरला. "राहू द्या. मले दिसलं पाहिजे तुम्ही कुठं आहा ते." ॲपमधलं नाव बदलतो म्हणाला. मी म्हटलं, नको.

९ ऑक्टो., गुरु.

सकाळी यवतमाळकडून, आर्णीजवळच्या एका खेड्यातून फोन. कोणीतरी माणूस. त्यांच्या शेजारी एक म्हातारी आली आहे, दसऱ्याहून येताना बायांनी आणली. जेवते-खाते. नाव विचारलं तर सांगत नाही. घर कुठं विचारलं तर म्हणते, हेच माझं घर. पहाटे उठून आल्यागेल्याला पाणी देते.

प्र.ने विचारलं, "उजव्या हातावर गोंदण आहे का, भाऊ?" तो म्हणाला, पाहून सांगतो. तेवढ्यात फोन कटला. तेव्हापासून सतरा वेळा लावला, बंद येतो. तिकडे रेंज नसते म्हणतात.

प्र. भाड्याची गाडी घेऊन निघाला. मलाही जायचं होतं. "तुम्ही घरी थांबा. ती नसली तिथं अन् इथं आली तर?" खरं आहे. इथे कोणीतरी पाहिजे. आणि ती असली, पण प्रशांतला पाहून म्हणाली की मी कुठेच येत नाही, हेच माझं घर? तर काय करायचं हे त्याने विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

सेन्सरवरचा चुंबक उपटून टाकला. दार सताड उघडं ठेवून समोर खुर्चीवर बसलो आहे. दर पाच मिनिटांनी डबा ओरडतो, "सुमनताई, मुख्य दरवाजा उघडा आहे. कृपया बंद करा."

चहा केला होता, त्यातला अर्धा कप त्याच्यासमोर नेऊन ठेवला. म्हटलं, राहू दे वं बाई, मीच ठेवला उघडा.