माफीची बातमी

बाबा, आज दुबईत अल कुसैसमधल्या एका खोलीत जेवणानंतर आपल्याकडचे नऊ कामगार जमले होते. दर रविवारी जमतात. खाटांवर दाटीवाटीने बसतात आणि टायपिंग सेंटरमधल्या नोकरीत लोकांचे व्हिसाचे अर्ज भरताभरता मी जे शिकले, ते त्यांना सांगते: सहीआधी कागद वाचून घ्या, पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा, सुट्टी तोंडी घेऊ नका. इथला कायदा कडक आहे, माझ्या बोलण्याने तो मऊ होणार नाही. पण निम्मी माणसं कायद्यापेक्षा ऐकीव गोष्टींनीच मरतात. तुम्ही ओरडला असता, "लोकांच्या कागदात नाक खुपसू नकोस." जन्मभर तुम्ही कुठे नाक खुपसलं नाहीत, आणि तरी तुमचे हाल चुकले नाहीत.

मागे गुहागरकडचा एक गवंडी आला होता. गौरी-गणपतीला गावी जाता येत नाही, म्हणून आपली माणसं गाववाल्याच्या खोलीवर गणपती आणतात. हाही कंपनीचा कामगार-कॅम्प सोडून तिकडेच राहिला. सुपरवायझर तोंडी म्हणाला होता, "यल्ला, जाओ." परतला तर कंपनीने तो पळून गेल्याची तक्रार केलेली.

"ताई, लेबर ऑफिसात गेलो तर आतच टाकतील."

"कोण म्हणालं?"

"रूमवरचे सगळे. म्हणतात, खलास, आता लपूनच राहा."

मला तुम्हीच दिसलात. व्हिसा संपल्यावर असंच कुणाचं तरी ऐकून तुम्ही शारजात तीन वर्षं लपून काढलीत. आजी गेली तेव्हाही येता आलं नाही. शेवटी पकडून पाठवलं आणि घरी आल्यावर वर्षभरात तुम्ही गेलातही.

मी त्याचा फोन मागितला. त्याने सुपरवायझरला मोदकांचा फोटो पाठवला होता आणि खाली उत्तर होतं, "नाइस. मंडे ड्युटी कम."

"अरे शहाण्या," मी म्हटलं, "हीच तुझी लेखी रजा!"

तरी त्याचा पाय उचलेना. मग मीच सोबत लेबर ऑफिसात गेले. काउंटरवरच्या बाईंनी मेसेजची तारीख पाहिली, त्या मेसेजचा फोटो ठेवून घेतला आणि पुढे काही दिवसांनी तक्रार रद्द झाली. आज तो पेढे घेऊन आला होता. ताई किती धीराची, असं सगळे म्हणत होते. मला ते ऐकवेना, म्हणून घरी येऊन हे लिहितेय. कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय.

तुम्ही लपलेले असतानाच इथल्या सरकारने व्हिसा संपलेल्यांना माफी जाहीर केली होती. दंड न भरता, तुरुंगाशिवाय घरी येता आलं असतं. ती बातमी मी पेपरात वाचली होती, बाबा, दोनदा वाचली होती. त्या आठवड्यात तुमचा फोन आला. तुम्ही म्हणालात, "माफी लागलीय म्हणतात, पण इथे सगळे म्हणतात फसवतायत. तिकडे पेपरात काही आलंय का गं?" मी बारावीला होते. तुम्ही परत आलात तर पैसे येणं थांबेल आणि माझं कॉलेज राहून जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी म्हटलं, "नाही बाबा, काहीच नाही आलं."