ओझ्यासकट माप

ताईस धाकट्याचा नमस्कार,

गॅरेजचं काम छान चाललंय, जेवणही वेळेवर होतं. काळजी नसावी.

आज गंमत झाली. एका पिकअपचं नाक खाली झुकलेलं दिसत होतं, म्हणून मी पुढच्या स्प्रिंगा चढवून ते उचललं आणि गाडी अगदी एका पातळीत आणली. संध्याकाळी मागे भरलेला ट्रेलर जोडला, तशी ती मागून बसली आणि दिव्यांचा झोत थेट झाडांच्या शेंड्यांवर! रस्ता काळोखात, पानं मात्र सोन्याची. मी खुळ्यासारखा बघतच राहिलो.

मिस्त्री हसले, "अरे शहाण्या, रिकाम्या गाडीचं माप घेतात का? ओझ्यासकट घ्यायचं."

तेव्हापासून तूच डोळ्यांसमोर आहेस. फोनवर तू नेहमी "बरी आहे" म्हणतेस. आता बाबांना उचलून खुर्चीत बसवलंस की लगेच फोन कर, आणि मग सांग, कंबर कशी आहे.

तुझाच,
खुळा